दुमडलेलं टोक

बसने कचकन ब्रेक मारला आणि ती मोठ्याने म्हणाली, "थांब!" खरं तर बस थांबल्यानंतर म्हणाली, म्हणजे म्हणण्याचा उपयोग काहीच नव्हता, पण शब्द सुटला होता आणि सगळ्या बसने तो ऐकला होता. क्षणभर कुणी हललं नाही. पुढच्या दांड्याला धरून उभा असलेला फिटर एक पाय उचललेला तसाच राहिला. खिडकीशी सफरचंद खाणाऱ्या टायपिस्ट मुलीचं तोंड उघडंच राहिलं. मग चालकाने आरशातून मागे पाहिलं. "बाई, गाडी तर थांबली. आता चालू म्हणा, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळे इथेच." बसभर हशा पिकला. कारखान्याचीच बस होती. त्या दोन शब्दांचं वजन आत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीही हसली, "चालू" म्हणाली, आणि चालकाने दरबारात झुकावं तसं झुकून गिअर टाकला. तरी गाडी निघाली नाही. समोरून एक चेहरा रस्ता ओलांडत होता.

अर्धा चेहरा. दोन माणसांनी तो आडवा धरला होता: एक डोळा, नाकाची एक बाजू, हसण्याचा डावा भाग. उरलेला अर्धा पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, आपल्या पाळीची वाट पाहत. निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे निवडून आलेल्या माणसाला आता खांबावर लटकायची गरज नव्हती. प्रचाराच्या फलकाची ती फळी बसच्या काचेसमोरून सरकली तेव्हा तो एक डोळा अगदी तिच्या समोर आला आणि गेला. छपाईचे ठिपके दिसले. लांबून जी माया वाटायची ती जवळून निळे आणि लाल ठिपके होती. तिला वाटलं, आपण ओरडलो ते ब्रेकमुळे नाही. आपण सकाळपासूनच तो शब्द दातांमागे धरून बसलो होतो. ब्रेक नुसतं निमित्त.

तिने त्याला मत दिलं होतं. मत देताना तिला आयुष्यात पहिल्यांदा आशा वाटली होती, आणि तिने ती पाहून ठेवली होती, जशी ती सगळंच पाहून ठेवायची. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला आशा ही मोजण्यातली चूक वाटते. यंत्र सरळ धरलं की नाहीशी होणारी. पण हा माणूस कॉलेजात असताना तिच्याच कारखान्याच्या फाटकासमोर धरणं धरून बसला होता म्हणे. तेव्हा ती नोकरीत नवी होती. बसच्या काचेतून रोज ती मुलं दिसायची, हातात पाट्या, ऊन लागून नाकं सोललेली. त्यांतला एक सडपातळ मानेचा मुलगा बसकडे बघून ओरडायचा नाही, नुसता बघायचा. तो हाच असेल असं तिने निवडणुकीच्या काळात स्वतःशी ठरवून टाकलं, कसलाही पुरावा नसताना. "माझ्या कारकिर्दीत यातली शेवटची वस्तू सुटी होईल," असं तो प्रत्येक सभेत म्हणायचा. वस्तू म्हणायचा तो. बॉम्ब म्हणायचा नाही. कारखान्यातसुद्धा तो शब्द कुणी उच्चारत नसे; तिथे म्हणायचे पाहुणी. आज किती पाहुण्या आल्या, ही पाहुणी हट्टी आहे, त्या पाहुणीला आज निरोप. तिच्या बाबांच्या काळापासून हाच शब्द.

आणि काल संध्याकाळी रेडिओवर त्याचाच आवाज आला. समोरच्या देशाशी नवी बोलणी होणार आहेत, ऐतिहासिक बोलणी, पण बोलण्यांच्या टेबलाशी रिकाम्या हातांनी बसता येत नाही. म्हणून मोडणी काही काळ थांबवून, सुट्या केलेल्या काही वस्तू पुन्हा जोडून सज्ज ठेवण्यात येतील. केवळ तात्पुरतं. बाबा खुर्चीत बसून सफरचंद सोलत होते; साल एकसंध, न तुटता खाली उतरत होती. त्यांनी मान वर केली नाही. "बैल बदलला म्हणून घाणा थांबतो का?" एवढंच म्हणाले. आणि मग, साल पूर्ण उतरल्यावर, "उद्या तुमच्या खोलीत उलटं वाचन. तुझा आवाज काय, दोन्हीकडून सारखाच चांगला." त्यांना टोचायचं होतं की नुसतं सांगायचं होतं हे कळलं नाही. त्यांचं नेहमीच कळत नसे. बाबा त्याच कारखान्यात जोडणीत होते, सगळी हयात. ती मोडणीत लागली तेव्हा त्यांनी सगळ्या वसाहतीला सांगितलं होतं, "लोकांच्या मुली बापाचं नाव काढतात, माझी माझे स्क्रू काढते."

तिचं काम वाचायचं होतं. कुणाला सांगितलं तर हसू येईल असं काम. एक माणूस वाचतो, दुसऱ्याचे हात करतात. पुस्तकातली एक पायरी वाचायची, हातवाला ती तोंडाने परत म्हणतो, मग करतो, मग दोघं म्हणतात "झालं", आणि मगच पुढची. ज्याचे हात पाहुणीवर आहेत त्याने वाचायचं नाही, आणि जो वाचतो त्याने हात लावायचा नाही. हे असं वर्षानुवर्षं केल्यावर माणसाच्या आत कुठेतरी एक जागा तयार होते, जी सतत पडसादाची वाट बघते. घरी बाबांना औषध देताना ती म्हणायची, "निळी गोळी, एक," आणि बाबा "निळी, एक" म्हणेपर्यंत गोळी हातातच. पूर्वी एक भूगोलाचा शिक्षक तिला भेटायला यायचा. लग्नापर्यंत गोष्ट आली होती. त्याला सुरुवातीला या सवयीची गंमत वाटायची. मग एका संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "तू माझ्याशी बोलत नाहीस गं. मला वाचून दाखवतेस." ती त्यावर उत्तर शोधत राहिली आणि तो उठून गेला. उत्तर आजही तिला सापडलं नव्हतं. पण तो दरवाजा लावून गेला तेव्हा तिच्या तोंडातून हळूच "झालं" निघालं होतं, हे मात्र तिला पक्कं आठवत होतं.

काम चालायचं त्या खोलीला खिडकी नव्हती. गोल खोली, जाड भिंती, आणि वर छताच्या जागी तारांच्या दोरखंडांवर तोललेला खडीचा ढीग, टेकडीएवढा. बाहेरून पाहिलं तर गवत उगवलेली साधी टेकाडं दिसायची, ओळीने. ते छत पडण्यासाठीच बांधलेलं होतं. आत काही चुकलंच, तर ते खाली येणार, सगळं गाडून टाकणार आणि शहर वाचणार. "आमच्याकडे कबर आधी बांधतात, माणूस नंतर आत जातो," बाबा पाहुण्यांना सांगायचे. खऱ्या, चहा पिणाऱ्या पाहुण्यांना. तिला त्या छताखाली पहिल्या दिवशी भीती वाटली नव्हती, आणि त्याचीच नंतर भीती वाटली. मनगटाला तांब्याची तार बांधायची, तिचं दुसरं टोक जमिनीत, अंगातली वीज उतरून जावी म्हणून. अंगठी, घड्याळ, कडी असलेला पट्टा, सगळं बाहेर. हत्यारं पितळेची, ठिणगी न पाडणारी. कापडी हातमोजे, कापडी बूट. जमिनीला बांधलेली दोन माणसं, आणि मधे पाहुणी, पाळण्यात निजवलेली. कॉलेजात शिकवलेलं तिला तिथे रोज आठवायचं, की जगातली प्रत्येक गोष्ट आपोआप विस्कटत जाते: चहा निवतो, पडदा उन्हाने विरतो, माणसं सैल होतात. जोडायला कष्ट लागतात, मोडायला लागत नाहीत. फक्त ही एक गोष्ट अशी होती की मोडायलाच जन्म लागत होता. ही आपोआप विस्कटत नाही. विस्कटली तर एकदाच.

म्हणून तो शब्द होता. खोलीतल्या कुणीही, झाडू मारणाऱ्यानेसुद्धा, "थांब" म्हटलं की हात पाहुणीवरून उचलायचे आणि तळवे वर करून मांडीवर ठेवायचे. का म्हटलं हे विचारायचं नाही. हसायचं नाही. ज्याने थांब म्हटलं त्यानेच "चालू" म्हणायचं; दुसऱ्या कुणालाही, कितीही मोठा असो, तो शब्द उचलता येत नाही. नियमांच्या पहिल्याच पानावर हे होतं, पण पानावर होतं म्हणून कुणी पाळत नसे. छत वर होतं म्हणून पाळत. बाबांच्या खोलीत एकदा एका फिटरने थांब म्हटलं होतं, कारण त्याला शिंक येणार असं वाटत होतं. सगळे बसून राहिले. शिंक काही येईना. तो बिचारा नाक वर करून दिव्याकडे बघतोय, बाकीचे तळवे वर करून त्याच्याकडे. दुपारच्या जेवणाची वेळ झाली तरी तो चालू म्हणेना, कारण "अजून नाकात आहे, साहेब." आणि कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. एकदा तपासणीला आलेला सेनापती उंबऱ्यात एक पाय आत आणि एक बाहेर असा तिष्ठत राहिला होता, पदकांसकट. बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी उठून तो पाय उचलून दाखवायचे. आता गुडघ्यामुळे बसूनच दाखवत.

बस फाटकाशी आली. ओळख-पट्टे दाखवून माणसं उतरू लागली. चालकाने तिला हळूच विचारलं, "बाई, आज खरंच उलटं आहे का?" ती म्हणाली, "असं म्हणतात." तो म्हणाला, "मग माझीही गाडी उलटी न्यायला सांगतील एक दिवस. नेऊ की. आरसा आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर तो हसला नाही.

खोलीत तिचा जोडीदार आधीच तार बांधून बसला होता. डावऱ्या म्हणत त्याला. डावखुरा होता आणि कारखान्यात त्याच्याइतके शांत हात कुणाचे नव्हते. इतर वेळी तो त्याच हातांनी सगळ्या वसाहतीतल्या बायकांची शिवणयंत्रं दुरुस्त करून द्यायचा आणि मोबदल्यात फक्त गप्पा ऐकायचा. पाळण्यात पाहुणीचं कवच होतं, शेजारच्या गाडीवर सुटे भाग, कापडावर ओळीने मांडलेले, थंडीत तिने आणि त्याने सुटे केलेले. "ओळखलीस का ताई?" तो म्हणाला. "बाबांनी जोडलेली." तिने मान हलवली. ओळखायला कारण होतं.

तिच्या मोडणीतल्या पहिल्याच वर्षी, आत वायरींची एक जुडी कापडी पट्टीने घट्ट गुंडाळलेली असते तिथवर ते पोचले होते. ही पट्टी सोडवणं म्हणजे जिवाशी खेळ. टोक कुठे आहे तेच सापडत नाही, दाबून सपाट झालेलं असतं, नखाने उकरता येत नाही, पात्याने कापता येत नाही. पुस्तकात त्या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ दिलेला. पण डावऱ्याचं बोट एका ठिकाणी थबकलं. "ताई, याचं टोक दुमडलंय." तिने वाकून पाहिलं. पट्टीचं टोक आतल्या बाजूला छोटंसं दुमडून चिकटवलेलं, बोटाच्या पेराएवढी जीभ सोडलेली. धरून ओढली की सर्रकन सुटेल अशी. तिने ते लगेच ओळखलं. घरातली प्रत्येक चिकटपट्टी बाबा अशीच ठेवायचे. खोक्यावरची, पुस्तकांच्या वेष्टनावरची, लहानपणी तिच्या गुडघ्यावरच्या जखमेवरचीसुद्धा. बाबांनी लावलेली पट्टी काढताना कधी दुखलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तिने विचारलं, तर ते म्हणाले, "सवय गं. तिथेही हात माझेच होते, कुणाचे असणार?" "पण नियमात बसत नव्हतं." "मग काय, पकडलंच एकाने. तेव्हापासून पुस्तकात ओळ घातली." आणि विषय बदलून त्यांनी रेडिओ लावला. त्यानंतर दुमडलेल्या टोकाच्या पुष्कळ पाहुण्या आल्या. म्हणजे ओळ घातल्यानंतरच्याही. तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्यामुळे जग शांत झोपलं, असं रोज ठणकावून सांगणारा माणूस प्रत्येक पाहुणीच्या पोटात ती उघडणाऱ्यासाठी जीभ सोडून ठेवत होता. हे त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. काही गोष्टी हातांना ठाऊक असतात आणि त्या तोंडाला कळवायची त्यांना गरज वाटत नाही.

नवं पुस्तक मेजावर होतं. शाईचा वास अजून जायचा होता. भिंतीतल्या स्पीकरमधून नव्या साहेबांचा आवाज आला. सरकार बदललं तसे आलेले, गोड बोलणारे, सगळ्यांना "आपण" म्हणणारे. "तीन नंबर खोली, आपण सुरू करूया." तिने पहिली पायरी वाचली. डावऱ्याने परत म्हटली. केली. झालं. झालं. दुसरी. बाबा खोटं बोलले नव्हते. आवाज दोन्हीकडून सारखाच चांगला होता. तिला वाटलं होतं की घसा तरी अडेल, जीभ तरी जड होईल, शरीर आपल्या वतीने काहीतरी करेल. शरीराने काही केलं नाही. पाळण्यात पाहुणी भरत चालली, थंडीत ज्या हातांनी रिकामी केली होती त्याच हातांनी, आणि तिचा आवाज त्यावर सावकाश, स्पष्ट, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत चालला होता. तिला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. हाच आवाज तिने चांगुलपणा म्हणून जपला होता. हा तर वाचणारा आवाज होता नुसता. पुढ्यात जे येईल ते वाचणारा. त्या सडपातळ मानेच्या मुलाचाही असाच असणार. सभेत एक कागद, रेडिओवर दुसरा. त्याच्या आवाजात काल कंप नव्हता, आणि तिच्या आवाजात आज नव्हता.

"वायरींची जुडी पट्टीने गुंडाळा," तिने वाचलं.

"वायरींची जुडी पट्टीने गुंडाळा." डावऱ्याने गुंडाळली. सुरेख, एकसारखी. झालं. झालं.

तिने पुढची ओळ पाहिली. "टोक दाबून सपाट करा. दुमड राहू देऊ नये." बाबांसाठी घातलेली ओळ. सगळ्या पुस्तकात ही एकच ओळ एका माणसाच्या विरुद्ध लिहिलेली होती. डावऱ्या वाट बघत होता, पट्टीचं टोक चिमटीत धरून. हातमोज्यातलं त्याचं बोट जरासं आत वळलेलं होतं. मुद्दाम की सवयीने, सांगता येत नव्हतं. तिचीही नजर तिथेच गेली हे त्याने पाहिलं. खोलीत फक्त हवेच्या झोताचा आवाज होता. उघडणारा कुणी येणारच नाही, असं ती ओळ म्हणत होती. पुढे कुणी नाही, सपाट करा.

"थांब," ती म्हणाली.

डावऱ्याचे हात उचलले गेले आणि तळवे वर करून मांडीवर आले. एवढं सहज, की जणू तेही सकाळपासून तयारच होते. पट्टीचं टोक मोकळं राहिलं, हवेत किंचित हलत.

कारण कुणी विचारलं नाही. तसा नियमच होता. मग स्पीकर खरखरला. "घाई नाही, बाई. सावकाश." आणखी थोड्या वेळाने, "अडचण काय ते कळलं तर इकडून मदत करता येईल. अर्थात, आपली इच्छा असेल तर."

"क्रम चुकतोय," ती म्हणाली.

"कितव्या पायरीचा?"

"सगळ्या."

डावऱ्याच्या नाकातून काहीतरी आवाज निघाला. शिंक नव्हती.

"मला समजलं नाही."

"क्रम उलटा आहे, साहेब. हे पुस्तक शेवटाकडून लिहिलंय."

"तसंच लिहायला सांगितलंय, बाई. वरून."

"वरून म्हणजे छतावरून का?" डावऱ्या म्हणाला.

स्पीकर पुन्हा खरखरला. या वेळी 'आपण' गळून पडलं होतं. "डावऱ्या, तू पुढचं कर. पायरी मी इथून वाचतो."

"थांब म्हटलंय, साहेब," डावऱ्या म्हणाला.

"मी सांगतोय ना!"

"मग छताखाली या आणि सांगा."

ते आले. तेवढं मात्र मान्य करायला हवं, ते आले. कापडी बूट घालून, दारावरच्या पहारेकऱ्याने काढायला लावलेल्या अंगठीचा पांढरा पट्टा बोटावर घेऊन. तार त्यांना बांधता येईना. डावऱ्याला हात हलवता येत नव्हते, म्हणून तिनेच उठून बांधून दिली. त्यांचं मनगट ओलं होतं. त्यांनी एकदा वर पाहिलं, खडीकडे, आणि मग आवाज आपोआप खाली आला. आधी हवापाण्याचं बोलले, तिच्या इतक्या वर्षांच्या सेवेचं बोलले; ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, मीही त्यालाच मत दिलंय. तुम्हाला काय वाटतं, मला आनंद होतोय? यातली एकही वापरायची नाही. फक्त दाखवायची. बोलणी झाली की परत तुम्हीच मोडाल."

"घर आवरलंय हे दाखवायला आधी पसारा घालायचा का?"

"समोरचे भरल्या हाताने बसणार आहेत."

"त्यांच्याकडेही एक बाई असेल वाचणारी," ती म्हणाली. हे तिच्या मनात आधी कधीच आलं नव्हतं; बोलता बोलताच आलं, आणि ती बाई तिला लख्ख दिसली: अशीच खोली, असंच छत, वेगळी भाषा, तोच क्रम. "तिच्याही मेजावर आज नवं पुस्तक आलं असेल."

"आणि ती थांब म्हणाली नाही तर?"

"तर निदान एका खोलीत थांबलेलं असेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "भाबडेपणा आहे हा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "तुमचं घर कारखान्याचं आहे. म्हातारे वडील आहेत. मी काही करत नाही, पण वर कळवावं लागेल, आणि मग माझ्या हातात राहणार नाही. एक शब्द म्हणा. आतापर्यंत हजार वेळा म्हटलाय तुम्ही."

इथेच घोडं पेंड खात होतं.  घराचं नाव निघताच तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतली गवताची टेकाडं दिसली, बाबांची खुर्ची, खुर्चीच्या हातावरची झिजलेली जागा. त्या भिंतींपलीकडे बाबा कधी राहिलेच नव्हते. आणि ते काही तिच्या बाजूचेही नव्हते. तिला वाटलं होतं की धैर्य म्हणजे काहीतरी उबदार असेल. ते तसं नव्हतं. तो नुसता एक न उच्चारलेला शब्द होता, तोंडात गारगोटीसारखा.

"हुकमाने म्हणता येत नाही तो, साहेब," ती म्हणाली. "पहिलं पान."

"पान बदलता येतं."

"बदला की," डावऱ्या म्हणाला. तळवे वरच होते. आवाजही न चढवता तो बोलत होता. "पण मग मी या खोलीत येणार नाही. मी नाही आणि दुसराही कुणी नाही. साहेब, मी रोज घरी जिवंत जातो तो या ताईंच्या पुस्तकामुळे नाही. जातो तो त्या एका शब्दावर. आज ताईंचा मोडलात, तर उद्या माझा कोण ऐकणार?"

साहेबांनी पाळण्याकडे पाहिलं. पट्टीचं टोक हलत होतं. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. मग मनगटाची तार स्वतःच सोडली, गाठ मारलेल्या बाजूने ओढून, कशीबशी, आणि निघून गेले.

पाहुणी तशीच राहिली. काम संपायच्या वेळी खोलीला कुलूप लागलं. दारावरचा लाल दिवा तसाच जळत ठेवला. फाटकाशी तिचा ओळख-पट्टा काढून घेतला गेला, उद्या चौकशीला हजर राहायला आणि घर सोडायची तयारी ठेवायला सांगण्यात आलं. पहारेकरी हे सांगताना दुसरीकडे बघत होता. पट्टा नसलेल्याला बसमध्ये घेत नाहीत, म्हणून ती फाटकाबाहेर चालू लागली, तर बस मागून हळूहळू आली आणि तिच्या चालीने शेजारून सरकत राहिली. दार उघडं होतं. आत कुणी हसत नव्हतं. "बाई, नियमात नाही बसत तुम्हाला घेणं," चालक समोर बघत म्हणाला. "पण तुम्ही चालता त्याच वेगाने गाडी चालवू नये, असं कुठे लिहिलेलं नाही." आणि सगळी बस तिच्यासोबत वसाहतीपर्यंत पायी आली.

बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती. बाबांनी माळ्यावरची खोकी उतरवून घेतली होती, शेजाऱ्यांकडून. खुर्चीत बसून ते कप कागदात गुंडाळून खोक्यात भरत होते. एक खोकं भरून, चिकटपट्टी लावून तयार होतं. तिने दारातूनच पाहिलं: पट्टीचं टोक दुमडलेलं.

"कुठल्या पायरीला?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुमच्या."

त्यांचा हात कपावर थांबला. मग ते जुन्या कारागिरासारखे एकेक विचारत गेले. "हात कुठे होते त्याचे?"

"मांडीवर. तळवे वर."

"लगेच?"

"लगेच."

"साहेब आत आले होते?"

"आले. वर पाहिलं."

"बघतातच." त्यांनी गाल आत ओढले. "तुला ठाऊक आहे ना, मला हे पटत नाही. आम्ही बांधल्या म्हणून कुणाची हिंमत झाली नाही. मी तुझ्या जागी असतो तर पट्टी गुंडाळली असती."

"आणि टोक?"

बाबांनी पुढचा कप कागदात गुंडाळला. खिडकीबाहेर टेकाडांवरचं गवत वाऱ्याने एका बाजूला झोपत होतं. मग म्हणाले, "चालू कधी म्हणणार आहेस?"

"नाही म्हणणार."

"उद्या चौकशीत?"

"नाही."

"घरातून काढलं तर?"

"नाही म्हणणार, बाबा."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, एखादा सुटा भाग उजेडात फिरवून पाहावा तसं. मग समोरच्या बांधलेल्या खोक्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर खरोखरचा वैताग आला, कामात ढिलाई सापडल्यावर यायचा तसा.

"मग हे काय चाललंय माझं?" ते म्हणाले. "थांब म्हटल्यावर कुणी हलायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी इथे सामान बांधतोय, वेड्यासारखा." त्यांनी वाकून, न बघता, दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. पट्टी सर्रकन सुटली. पहिला कप कागदातून काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"वरचा कप, एक," ते म्हणाले, आणि वाट बघत राहिले.

"वरचा कप, एक," ती म्हणाली, आणि तो परत फळीवर ठेवला.